नोटिशीत तीन पेटंट नंबर आलेत, सोफे धुणं बंद करू का?

भांडुपहून एक हाऊसकीपिंग कॉन्ट्रॅक्टर लिहितात, त्यांचा मेल लांब आहे, थोडक्यात देतो: "सर, माझ्याकडे बारा माणसं आहेत. मुलुंड, कांजूर, पवईच्या सोसायट्यांमध्ये पोडियमवरचं लॉन सांभाळतो, घरोघरी सोफे, गालिचे, पडदे धुतो, बुकिंगसाठी भाच्याने अ‍ॅप बनवून दिलंय. गेल्या आठवड्यात एका मोठ्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. अ‍ॅप, लॉनची पद्धत, डाग काढायचं लिक्विड, सगळं आमच्या पेटंटमध्ये येतं, १५ दिवसांत बंद करा, १८ लाख द्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी कारवाई. तीच नोटीस माझ्या दोन सोसायट्यांच्या सेक्रेटरींनाही गेली, एकाने पेमेंट अडवलंय. बायको म्हणते अर्धे पैसे देऊन मिटवून टाका. काय करू?"

आधी वहिनींना सांगा की एक रुपया द्यायचा नाही, निदान आत्ता तरी नाही. नोटिशीच्या मागे जो दोन पानी अंडरटेकिंगचा कागद जोडलाय त्यावर तर चुकूनही सही करू नका, कारण त्यात "आम्ही उल्लंघन केले असून यापुढे करणार नाही" असं वाक्य घुसवलंय, ते एकदा लिहून दिलंत की नंतर मी काय आणि दुसरा कोणी वकील काय, कोणाचंच फार चालणार नाही. आणि त्यांच्या वकिलाला फोन करून "साहेब जरा समजून घ्या" वगैरे करू नका. माझ्याकडे येणारे निम्मे लोक आधी फोनवर भरपूर बोलून मग येतात.

फौजदारीचं म्हणाल तर ते निव्वळ घाबरवायला आहे. आपल्याकडे पेटंटचं उल्लंघन हा गुन्हाच नाहीये, ते पूर्णपणे दिवाणी प्रकरण आहे, पोलीस दारात येत नाहीत. फक्त एक गोष्ट भाच्याला समोर बसवून विचारा, अ‍ॅपचा कोड त्याने स्वतः लिहिलाय की त्यांच्या अ‍ॅपचे स्क्रीन, आयकॉन, मजकूर उचललाय? कारण तो कॉपीराइटचा विषय होतो आणि कॉपीराइटमध्ये फौजदारी आहे. खरं काय ते मला आधी कळू दे, कोर्टात कळायला नको.

आता मुद्द्याचं. पेटंट म्हटलं की लोकांना वाटतं त्या कंपनीने अख्खा विषयच विकत घेतला, म्हणजे सोफा धुणं त्यांचं, लॉन कापणं त्यांचं. तसं नसतं हो. पेटंटच्या कागदाच्या शेवटी नंबर घालून वाक्यं असतात, त्यांना क्लेम म्हणतात, मालकी असते ती फक्त त्या वाक्यांत जेवढं बसतं तेवढ्याची. वरचं नाव, चित्रं, दहा पानी वर्णन यावर हक्क मिळत नाही. तुमच्या नोटिशीत तिन्ही पेटंटची भारदस्त नावं आहेत पण एकाही क्लेमचा उतारा नाही, हे वाचूनच मला वास आला. तुम्ही फोटो पाठवलेत म्हणून नंबर बघितले, तर तिघांची तीन तर्‍हा निघाली.

पहिला, अ‍ॅपवाला, तो नंबर अमेरिकेचा आहे. अमेरिकेचं पेटंट अमेरिकेत चालतं, भांडुपला नाही. भारतात हक्क हवा असेल तर भारतात अर्ज करावा लागतो, त्याची मुदत असते, पहिल्या अर्जापासून १२ महिने, आणि आंतरराष्ट्रीय पीसीटी मार्गाने, म्हणजे एकाच अर्जातून अनेक देशांसाठी जायच्या कराराने, गेलात तर ३१ महिने. त्यांचा अर्ज २०१५ चा आहे, भारतात त्यांनी काही केलेलं मला तरी दिसत नाही, म्हणजे ती गाडी कधीच सुटली. आणि केला असता तरी आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ३(के) आहे, व्यवसायाची पद्धत, अल्गोरिदम आणि निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम यांना पेटंट नाही. निव्वळ हा शब्द महत्त्वाचा, कारण २०१९ साली फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की सॉफ्टवेअर आहे म्हणून सरसकट नाकारू नका, त्यातून काही तांत्रिक परिणाम होत असेल तर विचार करा. पण कोणत्या माणसाला किती वाजता कोणत्या फ्लॅटवर पाठवायचं हे ठरवणारं बुकिंगचं अ‍ॅप, त्यात कसला तांत्रिक परिणाम? अ‍ॅप सोडून द्या, पुढे चला.

दुसरा लॉनचा. हा १२ आकडी नंबर आहे, सुरुवातीला २०२३, म्हणजे हा पेटंटचा नंबरच नाही, अर्जाचा आहे. मंजूर भारतीय पेटंटचे नंबर सध्या ६ आकडी असतात, हे लक्षात ठेवा, पुढेही उपयोगी पडेल. अर्ज प्रसिद्ध झालाय, तपासणी बाकी आहे. मंजुरीआधी त्यांना केस टाकताच येत नाही, कलम ११ए स्पष्ट आहे. मात्र पुढे मंजूर झालाच तर प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागता येते, म्हणून अगदीच दुर्लक्ष करायचं नाही.

क्लेम काय आहे? मातीत ओलाव्याचा सेन्सर, त्याच्या आकड्यावर पाणी किती आणि गवत किती उंचीवर कापायचं हे ठरवायची पद्धत. तुमच्याकडे काय आहे, तर माळी जमिनीत बोट खुपसून बघतो आणि स्प्रिंकलरला टायमर लावलाय. पावसाळ्यात तो टायमरही बंद असतो. कुठे बसतं त्यात? वर कलम ३(एच) सांगतं की शेतीची किंवा बागकामाची पद्धत हा शोधच धरायचा नाही. मशीनला पेटंट मिळू शकतं, बागकामाच्या पद्धतीला नाही. आणि गवत कापायचं मशीन म्हणाल तर ते १८३० साली इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने पेटंट केलं होतं, गंमत म्हणजे त्याला ती आयडिया कापड गिरणीत सुचली, लोकरीच्या कापडावरची लव छाटणारं यंत्र बघून. माझे वडील गिरणीत होते म्हणून मला ही गोष्ट उगाच आवडते. पण मुद्दा असा की त्यालाही पेटंट मिळालं ते त्याच्या यंत्राला, लॉन कापण्याच्या कल्पनेला नाही, आणि मुदत संपल्यावर तेही सगळ्यांचं झालं. या अर्जाला मंजुरीआधी विरोध कोणीही करू शकतो, कलम २५(१), तुम्हीही. पण मला विचाराल तर त्यावर पैसे घालवू नका, तो अर्ज आपल्या वजनानेच बुडेल असं मला वाटतं.

आता तिसरा, आणि इथे मात्र नीट वाचा. हे भारतीय पेटंट आहे, ६ आकडी, अर्ज २०१८ चा, मंजुरी २०२२ ची. पेटंट ऑफिसच्या साइटवर ई-रजिस्टर फुकट बघता येतं, त्यात दरवर्षीची रिन्युअल फी भरलेली दिसते, म्हणजे जिवंत आहे. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, म्हणजे २०३८ पर्यंत. हे खोटं नाही, खरं पेटंट आहे.

पहिला क्लेम साध्या भाषेत असा: प्रोटीएज आणि लायपेज ही दोन एन्झाइम, एका ठरावीक जातीचा सर्फॅक्टंट (साबणासारखा मळ सोडवणारा घटक) ठरावीक टक्क्यांत, आणि एक ग्लायकॉल सॉल्व्हंट (डाग विरघळवणारा द्रव), या सगळ्यांचं मिश्रण, सोफ्याच्या कापडासाठी. उल्लंघन व्हायला साधारणपणे यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या लिक्विडमध्ये असावी लागते, एक जरी नसली तरी तुम्ही बाहेर. तुम्ही लिहिलंय की तुम्ही मस्जिद बंदरहून लिक्विड सोप बेस आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणता, त्यात रिठ्याचं पाणी घालता, हळदीच्या डागाला वेगळं हायड्रोजन पेरॉक्साइड मारता. यात एन्झाइम कुठेच नाही. हे लिक्विड बिनधास्त वापरा.

पण मेलच्या अगदी शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की "दिवाळीपासून दूध-अंड्याच्या डागांना एका सप्लायरचा एन्झाइमवाला रेडी कॅन वापरतोय, रिझल्ट मस्त आहे". तुमच्या अख्ख्या मेलमधलं हे एकच वाक्य मला टोचलं. दूध, अंडं, रक्त हे प्रोटीनचे डाग, ते प्रोटीएज तोडतं, आणि लायपेज तेल-तूप. म्हणजे त्या कॅनमध्ये दोन्ही असण्याची दाट शक्यता. "मी बनवत नाही, विकत घेतो" हा बचाव चालत नाही, कारण कलम ४८ मध्ये नुसतं वापरणंही येतं. म्हणून तो कॅन आजपासून बाजूला ठेवा, फेकू नका, बिल जपून ठेवा, आणि सप्लायरकडून लेखी घ्या की यात काय काय आहे आणि पेटंटची भानगड निघाली तर जबाबदारी त्याची. त्याने टोलवाटोलवी केली तर समजून जा. एन्झाइमने धुणं ही आयडिया काही यांची नाही, जर्मनीत ओटो र्‍होमने त्याचं पेटंट १९१३ सालीच घेतलं होतं, त्यामुळे दुसर्‍या मिश्रणाचा एन्झाइम क्लीनर बाजारात मिळेल, तो शोधू.

तुम्ही विचारलंत की "मी २०१४ पासून धुतोय, यांच्या आधीपासून, मग माझा हक्क नाही का?" आधीपासून वापरणार्‍याला वापर चालू ठेवायचा वैयक्तिक हक्क देणारं सरळ कलम आपल्या कायद्यात नाही. पण त्यांच्या अर्जाआधी तीच गोष्ट भारतात उघडपणे वापरात किंवा माहीत असेल तर त्यांचं पेटंटच रद्द होऊ शकतं, कलम ६४. मंजुरीनंतरच्या विरोधाची एक वर्षाची मुदत संपली, आता रद्द करून घ्यायचं तर हायकोर्ट, किंवा त्यांनी केस केलीच तर तिथे बचाव म्हणून तेच मुद्दे घेता येतात. आणि मंजूर पेटंट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ असं समजू नका. १९७८ सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, भांडं लेथवर घट्ट धरून घासायच्या युक्तीचं पेटंट होतं, कोर्टाने म्हटलं यात शोध असा काही नाही, कारागिराची नेहमीची सुधारणा आहे, आणि पेटंट गेलं. नुसती मिसळ केली आणि प्रत्येक घटक आपापलंच काम करतोय, तर कलम ३(ई) खाली तेही पेटंट होत नाही. त्यांच्या मिश्रणात एकत्र आल्याने जास्तीचा परिणाम खरंच दिसतो का, ते एखाद्या केमिस्टकडून बघून घेऊ, पण तो खर्च केस झाली तरच.

पैशांचं गणित असं की कलम १११ प्रमाणे, पेटंट आहे हे माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नव्हतं हे तुम्ही दाखवलंत तर तोपर्यंतची भरपाई लागत नाही. दिवाळी ते नोटीस एवढ्या काळाला हे लागू पडेल असं मला वाटतं. पण नोटीस मिळाल्यापासून "माहीत नव्हतं" म्हणता येणार नाही, म्हणून म्हणतोय कॅन आजच बाजूला, उद्या मुलुंडची ऑर्डर आहे हे कारण नको.

सेक्रेटरींना पाठवलेली नोटीस ही त्यांनी केलेली चूक आहे, आणि मला त्यातच जास्त रस आहे. नुसतं "आमचं असं पेटंट आहे" कळवणं चालतं, पण आधार नसताना उल्लंघनाची धमकी दिली, मग ती तुम्हाला असो की तुमच्या गिर्‍हाइकाला, तर कलम १०६ खाली तुम्ही उलट त्यांच्यावर केस करू शकता, धमक्या थांबवायचा हुकूम आणि नुकसानभरपाईही मागू शकता. अडवलेल्या पेमेंटचं सेक्रेटरींचं पत्र किंवा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपा. अमेरिकेचा नंबर आणि मंजूर न झालेला अर्ज दाखवून सोसायटीला घाबरवलं, हे जजसाहेबांना वाचून दाखवायला मला आवडेल. तोवर सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्र द्या, वाद तुमच्यात आणि कंपनीत आहे, वकील उत्तर देतायत, आणि केलेल्या कामाचं बिल अडवायला हे कारण होत नाही.

१५ दिवस ही त्यांनी ठरवलेली मुदत, कायद्यातली नाही, तरी उत्तर त्याच्या आत देऊ, गप्प बसणं बरं दिसत नाही. उत्तराच्या आधी मात्र कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज, टाकायचंय, मुंबई हायकोर्टात आणि सिटी सिव्हिल कोर्टात दोन्हीकडे, कारण पेटंटच्या केसमध्ये लोक गुपचूप जाऊन पहिल्याच दिवशी स्टे मागतात आणि तुम्हाला कळतं तेव्हा माणसं सोसायटीच्या गेटवर अडलेली असतात. कॅव्हेट ९० दिवस चालतं, तेवढ्यात तुम्हाला न ऐकता हुकूम होणं अवघड जातं. सोमवारी येताना २०१४ पासूनची मस्जिद बंदरची बिलं, लॉनचे जुने फोटो आणि तो कॅन घेऊन या, झाकण घट्ट लावा, मागच्या वेळी एकाने माझ्या फायलींवर फिनेल सांडलं होतं.

राहिलं तुमचं व्हॅनवर "पेटंटेड प्रोसेस" रंगवायचं, पेंटरला आजच नाही सांगा. पेटंट नसताना तसं लिहिलं तर १० लाखांपर्यंत दंड आहे. आणि तुमच्या फिटरने सोफ्याच्या कोपर्‍यात घुसणारं जे नोझल बनवलंय त्याचं पेटंट मिळेल का विचारलंत, तर ते तुम्ही इन्स्टावर रील करून सगळ्या जगाला दाखवून बसलायत, नवेपणा गेला, सूट आहे ती सरकारने जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांना, रीलला नाही. पण तुम्ही म्हणालात की फिटर आता त्यात पाणी परत ओढून घेणारा व्हॉल्व्ह बसवतोय. तो अजून कोणाला दाखवला नसेल तर अजिबात दाखवू नका. स्वतःच्या नावाने ऑनलाइन प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या, अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये आहे, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात, ऑफिस आपल्या अँटॉप हिललाच आहे. आणि फिटरलाही सोबत आणा, व्हॉल्व्ह त्याच्या डोक्यातून निघाला असेल तर अर्जात शोधक म्हणून नाव त्याचं लागेल.