थरारपटाच्या सुरुवातीचं टेस्ट शूट करावं, की थेट शूटलाच उतरावं?

तुम्ही लिहिलंय की मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षाला दोन मिनिटांची थरारपटाची सुरुवात करून द्यायची आहे, कॅमेरा म्हणजे मोबाइलच, हाताशी दोनच रविवार आहेत आणि त्यातला एक टेस्टवर घालवणं जिवावर आलंय. घालवा. आता मी पोटापाण्यासाठी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, पण कॉलेजात असताना हेच काम आम्हालाही होतं आणि आमची फिल्म टेस्टनेच वाचली.

गोष्ट साधी होती. संध्याकाळ, जुना वाडा, लाकडी जिना. मुलगी कामावरून येते, दाराशी पोचते, पर्समधून किल्ली काढते, आणि बघते तर कुलूप कडीला उघडंच लटकतंय. कागदावर वाचताना आम्हा चौघांच्याही अंगावर काटा आला होता. टेस्टचा कट, म्हणजे ओळीने जोडलेले शॉट, मी मावशीला दाखवला. ती म्हणाली, "बरं, कुलूप उघडलं तिने. पुढे?"

आमच्या कटमध्ये आधी हातातली किल्ली होती आणि लगेच उघडं कुलूप. असे दोन शॉट शेजारी आले की मधलं बघणारा स्वतःच भरतो. मावशीनेही भरलं. खऱ्या शूटला आम्ही क्रम फिरवला. मुलगी अजून अर्ध्या जिन्यात आहे, पर्समध्ये किल्ली चाचपतेय, आणि वर दाराला कुलूप उघडं. आता मावशीला माहीत आहे, मुलीला नाही. शॉट तेवढेच, मुलगी तीच, पण या वेळी मावशी पुढे सरकून बसली. गोष्ट माहीत असलेल्या आम्हा चौघांना हे जन्मात कळलं नसतं. म्हणून टेस्ट नुसती शूट करून ठेवू नका. कच्चा का होईना, कट लावा आणि ज्याला गोष्ट ठाऊक नाही अशा माणसाला काही न सांगता दाखवा. वर्गमित्राला नको, तो कौतुकच करतो.

नियोजनाचं म्हणाल तर शॉट डिव्हिजनच्या, म्हणजे शॉटच्या यादीच्या, वहीत एक रकाना जास्त आखा: या शॉटनंतर बघणाऱ्याला नवीन काय कळलं? आमचे 31 शॉट होते, त्यातल्या निम्म्यांपुढे लिहायलाच काही नव्हतं. चित्रं काढता येत नसतील तर स्टोरीबोर्डच्या, म्हणजे शॉट चित्रात काढून ठेवण्याच्या, भानगडीत पडू नका. लोकेशनवर जाऊन मोबाइलने फोटो काढा, एडिटिंग ॲपमध्ये ओळीने लावा आणि प्रत्येकाला जेवढे सेकंद द्यायचे तेवढे द्या. आमची 'दोन मिनिटं' तिथेच साडेतीन भरली.

टेस्ट खऱ्या शूटच्याच वेळी करा. आम्ही आधी दुपारी जाऊन रेकी करून, म्हणजे जागा बघून, आलो होतो, तेव्हा सगळं छान दिसलं. संध्याकाळी जिन्यातली ट्यूबलाइट लावली आणि फुटेजमध्ये काळे पट्टे सरकायला लागले. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइल बहुतेक वेळा आपणहून सेकंदाला 30 फ्रेमवर चालतो आणि शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश किती वेळ घ्यायचा ते, मनाला येईल तसं बदलतो. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) जाऊन 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद करा, पट्टे जातात. तरीही राहिले तर बल्ब हलक्या प्रतीचा आहे, तो बदला. एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि फोकस लॉक करायला विसरू नका, नाहीतर मुलगी दिव्याखालून गेली की अख्खी फ्रेम उजळते-विझते आणि थराराचं हसं होतं.

जिन्याने आणखी एक धडा दिला. चौकात जिना वळतो, तिथे आम्ही कॅमेरा पलीकडच्या बाजूला नेला. पहिल्या शॉटमध्ये ती डावीकडून उजवीकडे जात होती, दुसऱ्यात उजवीकडून डावीकडे. बघणाऱ्याला वाटलं, बाई परत का निघाली?

आवाजासाठी दुसरा मोबाइल तिच्या ओढणीखाली ठेवला, सुरुवातीला एक टाळी वाजवली म्हणजे नंतर चित्राशी जुळवता येतं. पावलं वेगळी रेकॉर्ड केली. शिवाय कुणीही न बोलता, न हलता, त्या जागेचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या. कटांमधली भोकं त्यानेच बुजतात. टेस्टच्या वेळी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, आम्ही वैतागलो. एडिटला बसल्यावर तीच शिट्टी उघड्या कुलपावर ठेवून पाहिली. शेजारी कुणीतरी निवांत भात लावतंय आणि इथे हे. ठेवून दिली.

नकली पिस्तूल किंवा सुरा घेऊन रस्त्यावर शूट करणार असाल तर आधी पोलीस चौकीत सांगून ठेवा, आणि रेल्वे प्लॅटफॉर्मवर परवानगीशिवाय जाऊच नका. खरं तर दोन मिनिटांत पिस्तूल लागतंच कशाला?

दोन रविवारांच्या मधले सहा दिवस मोकळे नाहीत हेही धरून चाला. सोमवारी कट, मंगळवारी तो कुणाला तरी दाखवा, बुधवारी शॉटची यादी पुन्हा लिहा. आणि वाड्यातल्या ज्या काकूंचा जिना वापरणार असाल त्यांना दुसऱ्या फेरीचं आधीच सांगा. आमच्या काकू दुसऱ्या रविवारी दारातच म्हणाल्या, "परत? मागच्या वेळी झालं ना सगळं?"