कडक म्हणजे चांगला का?

प्रश्न : आमची निपाणीत तंबाखूची वखार आहे. बिडीची तंबाखू चुरगाळून, वास घेऊन पारखायची सवय. मेहुण्यांनी दुबईहून भारी सिगार आणले. ओढले तर कडकपणा लागलाच नाही. माल हलका समजायचा का?

उत्तर : नाही. कडकपणा म्हणजे निकोटिनचा जोर, भरदारपणा म्हणजे तोंडात जाणवणारं धुराचं वजन, आणि चव ही तिसरीच गोष्ट. बिडी पारखताना हे तिन्ही एकत्र मोजले जातात. सिगारमध्ये ते वेगळे काढावे लागतात.

आपल्याकडची बिडीची तंबाखू उन्हात वाळते. सिगारचं पान छपरात, वाऱ्यावर वाळवतात, मग गंज रचून मुरवतात. गंज आतून तापतो आणि पानातला अमोनिया उडून जातो. म्हणून घशाला ठसका बसत नाही. उलट नाकाला अमोनियाचा झणका आला तर पान कच्चं राहिलंय असं समजा. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच फिरवून सोडायचा. तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून शिरतंच. रिकाम्या पोटी अर्ध्या तासाने घाम फुटतो, गरगरतं. म्हणून जेवणानंतरच ओढा. आणि धूर गिळला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे धरून चाला.

आता पारख. पेटवण्याआधी सिगार अंगठा आणि तर्जनीत धरून टोकापासून टोकापर्यंत हलके दाबत जा. मऊ खड्डा लागला तर तिथे भरण कमी. तो भाग गरम जळणार. कडक गाठ लागली तर ओढ अडणार. टोपीकडून, म्हणजे तोंडात धरायच्या बंद टोकाकडून, साधारण 2 मिलिमीटर कापा. टोपीची रेषा ओलांडलीत तर वरचं पान उलगडतं. न पेटवता एक झुरका घ्या : हलका अडसर हवा, पण गाल आत ओढावे लागता कामा नयेत.

काडीचा गुल पूर्ण जळू द्या, नाहीतर गंधकाचा वास पानात बसतो. ज्योत टेकवू नका, खालून फिरवत कड समान तांबूस करा. मग मिनिटाला एकच झुरका. बिडीसारखे भराभर ओढलेत तर आतली आच वाढते आणि चव कडवट होते; बहुतेक वेळा दोष सिगारचा नसतो, घाईचा असतो.

सिगारचे तीन भाग धरा आणि प्रत्येकाची चव लिहून ठेवा. थोडा धूर नाकावाटे सोडला की बारकावे उमटतात. शब्द आपल्या स्वयंपाकघरातलेच वापरा : भाजलेली कॉफी, मिरी, कढईच्या तळाला लागलेल्या कुंद्याचा खरपूस गोडवा. चांगल्या सिगारची चव तिन्ही भागांत बदलत जाते. पहिल्या भागात आवडून मधल्यात सपाट पडणारा माल मध्यम.

प्रश्न : खानापूरच्या पावसात सिगारवर पांढरं येतं. फेकायचे का?

उत्तर : लोकरीसारखं, ठिपक्यांनी आलेलं किंवा निळसर-हिरवट असेल तर ती बुरशी. पेटवायच्या टोकातून भरणात शिरली असेल तर फेकाच. हवाबंद डब्यात 65 किंवा 69 टक्क्यांची आर्द्रता-पुडी ठेवा, सोबत आर्द्रतामापक. तो आधी तपासून घ्या : बाटलीच्या झाकणात मीठ थोडं ओलं करा, पातळ नको, आणि मापकासह बंद पिशवीत रात्रभर ठेवा. काटा 75 वर आला पाहिजे. 75 च्या वर गेला तर जितका फरक तितकी वजाबाकी, खाली राहिला तर तितकी बेरीज. पानावर टाचणीएवढी भोकं दिसली तर तो तंबाखूचा किडा. मे महिन्यातल्या उकाड्यात त्याची अंडी फुटतात, म्हणून डबा गार खोलीत ठेवा. फ्रिजमध्ये उघडा ठेवलात तर पान सुकून तडकेल.

प्रश्न : राख पांढरी आणि लांब म्हणजे उत्तम? (चिकोडी)

उत्तर : रंग बराचसा मातीतल्या क्षारांवर जातो, त्यावरून दर्जा ठरवू नका. घट्ट, न झडणारी राख मात्र आत अखंड पानं असल्याची खूण आहे. तुकड्यांचं भरण असलं की राख भुरभुरते. दोन-अडीच सेंटिमीटर झाली की ती हळूच टेकवून पाडा.