तालमीत कॅमेरा घेऊन जाताय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यात्रांचा सीझन आला की गावोगावी कुस्त्यांची मैदानं लागतात, तालमीतली मेहनत वाढते आणि फोटो काढणारी पोरंही वाढतात. त्यामुळं यावेळी बहुतेक प्रश्न तालीम आणि जिमचेच आलेत.

प्रश्न : माझ्याकडं साधा डीएसएलआर आणि १८-५५ ची किट लेन्स आहे. मित्र तालमीत जातो, त्याचे फोटो काढले तर सगळे हललेले येतायत, रंग पिवळा पडतोय, आणि काही फोटोंत तर आडवा काळपट पट्टा येतोय. फ्लॅश घेऊ का लेन्स घेऊ?
(कॉलेज विद्यार्थी, शिवाजी पेठ)

फ्लॅश अजिबात घेऊ नकोस. पकड चालू असताना पैलवानाच्या डोळ्यावर फ्लॅश मारणं म्हणजे त्याला दुखापत करायची वेळ आणणं, कुठलाही वस्ताद ते चालवून घेणार नाही आणि घेऊही नये. शिवाय समोरनं फ्लॅश पडला की अंगावरचा घाम नुसता पांढरा चमकतो, मातीचा रंग जातो आणि मागची भिंत उजळून निघते, म्हणजे तालीम तालमीसारखी दिसतच नाही.

पैसे घालायचेच असतील तर ५० एमएम एफ १.८ लेन्स घे (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). ही स्वस्तातली लेन्स आहे, सेकंडहँड पण मिळते. तुझी किट लेन्स ५५ ला फक्त एफ ५.६ पर्यंत उघडते, त्या मानानं एफ १.८ ला जवळपास दहापट उजेड आत येतो. हा फरक एवढा मोठा आहे की नवीन बॉडी घेऊन पण तेवढा पडणार नाही. फक्त एफ १.८ ला फोकस लई बारीक पडतो, दोघं एकमेकाला भिडलेले असताना एकाचा डोळा शार्प आणि दुसऱ्याचा कान धूसर असं होतंय, म्हणून उजेड असेल तर २.८ पर्यंत ये.

आता हललेल्या फोटोंचं. सगळ्याला एकच शटर स्पीड लावू नकोस. जोर मारताना अंग खाली गेल्यावर आणि वर आल्यावर क्षणभर थांबतं, बैठकांचंही तसंच, तिथं १/१२५ सेकंद पण पुरतं. पण ढाक किंवा धोबीपछाड असा फेकायचा डाव लागला की १/६४० च्या खाली भागत नाही, १/१००० मिळालं तर उत्तमच. त्यासाठी आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग) ३२००, ६४०० करावा लागला तर बिनधास्त कर. फोटोत दाणे आले तर चालतील, हललेला चेहरा मात्र नंतर कशानंच दुरुस्त होत नाही.

काळ्या पट्ट्याचं कारण तालमीतल्या ट्यूब आणि एलईडीत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात, डोळ्याला ते कळत नाही पण शटर फास्ट असलं की कॅमेऱ्याला कळतं. १/१०० किंवा १/५० ला पट्टा जातो, पण तिथं डाव हलतो. कॅमेऱ्यात अँटी फ्लिकरचं सेटिंग असेल तर चालू कर, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर असलं तर ते बंद ठेव, त्यात पट्टे जास्त येतात. सगळ्यात सोपं म्हणजे दिवसा उजेडी जा. पहाटेची मेहनत अंधारात सुरू होते, पण दार-खिडकीतनं ऊन आत यायला लागलं की तिथंच थांबायचं. दाराच्या बाजूला उभा राहा, पाठ दाराकडं करू नकोस, म्हणजे उजेड पैलवानाच्या एका अंगावर पडेल, दुसरं अंग सावलीत राहील, आणि दंडाचा, पाठीचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसेल.

पिवळेपणासाठी ऑटो व्हाइट बॅलन्स सोडून दे. तांबड्या मातीवरनं परतणारा उजेडच तांबूस असतो, ऑटोवर कॅमेरा तो मारायला बघतो आणि ट्यूबच्या जोडीनं सगळा घोळ होतो. रॉमध्ये (रंग नंतर बदलता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, केल्विन म्हणजे व्हाइट बॅलन्सचा आकडा एक ठरवून ठेव आणि घरी बसून माती खरी जशी दिसते तशी होईपर्यंत हलव.

आणि एक, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डाव शिकून घे. म्हणजे खेळायला नव्हे, ओळखायला. एकेरी पट काढायच्या आधी पैलवान कुठं वाकतो, मोळी बांधताना हात कुठं जातात, हे मित्राकडनं चार संध्याकाळी समजून घे. मातीतल्या कुस्तीत खांदे टेकले की निकाल लागतो, म्हणून चितपटाच्या वेळी चेहऱ्याइतकंच खांद्याकडं लक्ष पाहिजे. ज्याला डाव कळतो त्याचं बोट वेळेच्या आधी तयार असतं, बाकीच्यांचे फोटो कायम डाव झाल्यानंतरचे येतात.

प्रश्न : सोशल मीडियावर तालमीचे एकदम रांगडे, धुळीचे, काळपट फोटो बघतो. मी एडिटिंगमध्ये क्लॅरिटी आणि कॉन्ट्रास्ट फुल करतो तरी तसं होत नाही. कुठला प्रीसेट वापरू?
(इचलकरंजी)

कुठलाच नको. क्लॅरिटी फुल केली की माणसाची कातडी पत्र्यासारखी दिसायला लागते आणि अठरा वर्षांचं पोरगं चाळिशीचं दिसतं. हे मी मनापासनं सांगतोय, या स्लायडरनं आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या फोटोंचं वाटोळं केलंय.

रांगडेपणा तालमीत आधीच आहे, तो फक्त उजळून घालवू नका. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा आपोआप फोटो उजळ करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे १ च्या आसपास ठेवा. भिंत काळी पडू दे, अंगावरचा उजेड तेवढा राहू दे.

धुळीबद्दल एक लक्षात घ्या. आपल्या हौद्यातल्या, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असं बरंच काही मुरवलेलं असतं, ती कोरड्या रस्त्याच्या धुळीसारखी उडत नाही, अंगाला चिकटते. त्यामुळं धूळ हवेत शोधत बसू नका, कातडीवर शोधा. मानेच्या घामात बसलेली माती, फुगलेले कान, बोटांच्या पेरात अडकलेले कण, लढतीआधी एकमेकाच्या अंगाला माती लावणारे हात. जवळ जाऊन हे काढा. आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायची घाई करू नका, कोल्हापूरच्या तालमीतनं तांबडा रंग काढून टाकला तर उरतं काय? करायचाच असेल तर कन्व्हर्ट करताना लाल रंगाचा स्लायडर थोडा खाली घ्या, माती आणि अंग गडद होतं.

प्रश्न : राजारामपुरीत आमची छोटी जुनी जिम आहे. लोखंडी प्लेट, गंजलेले रॅक, सगळीकडं आरसे. मेंबर मुलामुलींचे फोटो बोर्डावर लावायचेत. आरशात मीच दिसतो आणि फोटो हॉस्पिटलमधल्यासारखे पांढरे येतात.
(जिमचालक)

आधी निम्म्या ट्यूब बंद करा. वरनं सगळीकडनं सारखा उजेड आला की सावली मरते आणि सावली मेली की ताकद दिसत नाही. एक खिडकी किंवा बाजूला ठेवलेली एकच एलईडी पुरे. आरशासमोर सरळ उभं राहू नका, तिरके व्हा, आणि आरशात काय दिसतंय ते आधी मोकळ्या डोळ्यानं बघा, तिथं लटकलेला टॉवेल, बादली दिसत असेल तर काढा. गंजलेले रॅक मात्र आहेत तसेच राहू देत, रंग मारू नका.

घामासाठी पाण्यात थोडं ग्लिसरीन मिसळून स्प्रे मारतात, थेंब टिकतात. पण तळहाताला आणि फरशीला लागू देऊ नका, बार निसटला तर फोटो महागात पडेल. माझं मत विचाराल तर व्यायाम संपता संपता या, खरा घाम असतोच. डेडलिफ्टमध्ये बार गुडघ्याच्या वर सरकताना चेहऱ्यावर सगळा जोर येतो, तिथं शटर दाबा. फ्रेम, फोकस, उजेड हे सगळं रिकाम्या बारवर जुळवून घ्या, जड वजन कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा उचलायला लावू नका. मुलींचे फोटो बोर्डावर लावायच्या आधी कुठला लावायचा ते त्यांनाच निवडू द्या.

प्रश्न : कोल्हापुरात खासबागच्या कुस्ती मैदानावर कुस्त्या बघायला गेलो की लांबनं मोबाईलवर काही येत नाही. काय करावं?
(गडहिंग्लज)

झूम करू नका. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम बघून आले, आणि त्या धर्तीवर १९१२ साली हे मैदान उभं राहिलं. चारी बाजूनं चढत गेलेली बसायची जागा आणि मधे खाली हौदा, ही रचनाच फोटोवाल्याच्या कामाची आहे. वरच्या बाजूला बसा, खाली बघा, पैलवानांच्या मागं नुसती तांबडी माती येते, दुसरी कसली गर्दी नाही. जोडी छोटी दिसली तर दिसू दे, भोवतीची माणसं फ्रेममध्ये घ्या. नाइट मोड बंद ठेवा, तो बरेच फोटो जोडून एक करतो आणि हलणारा माणूस त्यात पुसट होतो. बर्स्ट म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो काढायची सोय वापरा. आणि हलगी कडाडायला लागली की मोबाईल हातात तयार पाहिजे.

प्रश्न : तालमीत कॅमेरा नेल्यावर माती जाते, साफ कशी करावी? आणि परवानगी कुणाची घ्यायची?
(कसबा बावडा)

आत लेन्स बदलू नका, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. माती तेलकट असते, कापडानं पुसली तर काचेवर फासली जाते आणि ओरखडे पडतात. आधी ब्लोअर मारा, मग मऊ ब्रश, आणि शेवटीच लेन्स क्लीनरचा थेंब, तो पण काचेवर न टाकता कापडावर.

परवानगी वस्तादांची, पहिल्या दिवशी कॅमेरा बॅगेतच ठेवून. चपला बाहेर काढा, हौद्याच्या कडेला उभं राहायचं असलं तरी विचारून उभं राहा. लहान पोरं लंगोटावर असतात, त्यांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नेटवर टाकू नका, वस्ताद हो म्हणाले तरी.

आणि काढलेले फोटो प्रिंट करून तालमीत द्या. ८ बाय १२ इंचाची चांगली प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलच्या आतच काम होतं, जुना कॅमेरा पण चालतो. मॅट पेपर घ्या, ग्लॉसीवर ट्यूबची चमक येते आणि तालमीच्या दमट हवेत फ्रेमच्या काचेला चिकटतो पण लवकर.