टीकेइंटर, क्यूटी की इलेक्ट्रॉन?

प्रश्न : आमचा शिरोली एमआयडीसीत टेन्साइल टेस्टिंग मशीन (नमुना ताणून बघणारं) बनवण्याचा छोटा कारखाना आहे. मशीनसोबत पीसीवरचं सॉफ्टवेअर देतो, ते अजून व्हीबी ६ या जुन्या भाषेतलं आहे. आता पायथॉनमध्ये नव्यानं लिहितोय. लोड सेलचे (जोर मोजणाऱ्या सेन्सरचे) सेकंदाला हजार आकडे येतात आणि आलेख चाचणी चालू असतानाच दिसायला हवा. विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालावं, बटणं-लेबलं मराठीत असावीत. पडद्यावरच्या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनांपैकी मी टीकेइंटर धरलंय, मुलगी क्यूटी म्हणते, पुतण्या इलेक्ट्रॉन. कुणाचं ऐकू?
– एक उद्योजक, कोल्हापूर

उत्तर : मुलीचं ऐका.

पुतण्याचं आधी मिटवू. इलेक्ट्रॉन वाईट नाही, व्हीएस कोड हा कोड लिहायचा प्रोग्राम त्यावरच चालतो. पण प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खा क्रोमियम ब्राउझर येतो, आणि फाउंड्रीच्या लॅबमधला पीसी कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय मोजमाप पायथॉनमध्ये आणि पडदा जावास्क्रिप्टमध्ये, असे दोन संसार होतील. पुतण्या नोकरीसाठी पुण्याला गेला की दुसरा संसार कोण बघणार?

टीकेइंटर पायथॉनबरोबरच येतं, परवान्याची कटकट नाही. चार बटणं आणि दोन रकाने असते तर मीही तेच सांगितलं असतं. तुमची अडचण मराठीची आहे. टीकेइंटरच्या पोटातल्या टीके ८.६ ला लिनक्सवर देवनागरी जुळवता येत नाही. ‘किलोन्यूटन’मधली वेलांटी क च्या मागून येते, जोडाक्षरं सुटतात. विंडोजवर तोच प्रोग्राम व्यवस्थित दिसतो, त्यामुळे घोटाळा कळतो तो थेट गिऱ्हाइकाच्या दारात. क्यूटी आणि जीटीके (असंच आणखी एक साधन) दोन्ही अक्षरं हार्फबझ या अक्षरजुळणीच्या लायब्ररीकडून जुळवून घेतात, तिथे हा प्रश्न येत नाही.

मग जीटीके का नको? लिनक्सवर उत्तम आहे, विंडोजवर सावत्र. आणि आवृत्ती बदलली की काम फार पडतं. जीटीके मुळात गिम्प या चित्रं संपादायच्या प्रोग्रामसाठीच लिहिलं गेलं, मोटिफ या जुन्या साधनाला कंटाळून. त्याच गिम्पला जीटीके ३ वर यायला २०२५ उजाडलं. जीटीके ४ तर २०२० च्या डिसेंबरातच आलं होतं. (मोटिफवर मी सन वर्कस्टेशनसमोर बसून बरीच वर्षं काढली आहेत. साधं बटण लावायचं तरी पानभर कोड लिहावा लागे, तेव्हा गिम्पवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही.) नेटवर्क तपासणाऱ्या वायरशार्कनं तर २०१५ साली २.० आवृत्तीत जीटीके बाजूला ठेवून क्यूटी घेतलं.

आता क्यूटीचा परवाना नीट समजून घ्या, कारण छोटे कारखाने इथेच अडकतात. पायथॉनमधून क्यूटी दोन वाटांनी मिळतं. पायक्यूटी जीपीएलवर (म्हणजे विकलेल्या प्रोग्रामचा कोडही खुला करावा लागतो), किंवा पैसे भरून व्यावसायिक परवान्यावर. पायसाइड मात्र एलजीपीएल या त्याहून सैल परवान्यावरही मिळतं, म्हणजे तुमचा कोड खुला न करता मशीनबरोबर विकता येतो. ते घ्या. परवान्याची प्रत सोबत द्या, आणि क्यूटीच्या फायली फोल्डरमध्ये सुट्या ठेवा, ग्राहकाला त्या बदलता आल्या पाहिजेत. सगळं एकाच ईएक्सईत कोंबू नका. आणि हो, आलेखासाठी समोर दिसतं म्हणून क्यूटी चार्ट्स उचलू नका! तो भाग एलजीपीएलवर नाही, जीपीएल किंवा व्यावसायिकच आहे. पायक्यूटीग्राफ वापरा, ते एमआयटी या मोकळ्या परवान्यावर आहे आणि चालू आलेखासाठी मॅटप्लॉटलिब या नेहमीच्या आलेख लायब्ररीपेक्षा बरंच चपळ आहे.

हजार आकडे आले म्हणून हजारदा चित्र काढायचं नसतं. पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्राममध्ये समांतर चालणारं काम) ठेवा, तिथे आकडे साठवा, आणि टायमर लावून सेकंदाला वीस-तीसदा आलेख ताजा करा. माणसाच्या डोळ्याला तेवढं पुरतं. फाइलमध्ये मात्र हजारच्या हजार जायला हवेत, नाहीतर सॅम्पल तुटतानाचा नेमका लोड हातचा जाईल. पडद्यावरच्या कशालाही त्या थ्रेडमधून हात लावायचा नाही. सिग्नल (क्यूटीचा निरोप) पाठवायचा, पुढचं काम मुख्य थ्रेडचं. प्रोग्राम मधेच गोठतो, अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

क्यूएमएल या क्यूटीच्या पडदे लिहायच्या वेगळ्या भाषेच्या नादी लागू नका, साधे विजेट्स (तयार बटणं-रकाने) घ्या. सुरुवात लॉगिनच्या पानापासून न करता आलेखाच्या पडद्यापासून करा, तीही तुमच्या सर्वांत जुन्या पीसीवर.

पुतण्याला रिकामं ठेवू नका. चाचणीचा अहवाल साध्या एचटीएमएलमध्ये मांडला की क्यूटी त्याची पीडीएफ करून देतं. ते काम त्याला द्या.