मेन्झिसमधला झेड हा झेड नव्हेच

प्रश्न असा आला आहे: लिहायचे ‘चोल्मोंडेली’ आणि म्हणायचे ‘चमली’, लिहायचे ‘मेन्झिस’ आणि म्हणायचे ‘मिंगिस’. हा इंग्रजांचा लहरीपणा समजायचा का, आणि मराठीत ही आडनावे लिहायची कशी?

‘इंग्रजांचा लहरीपणा’ ऐकून ऐकून कान किटले. लहर कुठेही नाही. चमलीत फारसे शोधण्यासारखेही काही नाही. ते चेशर परगण्यातल्या एका गावाचे नाव, म्हणजे चेओलमुंड नावाच्या कुणाचे तरी झाडी तोडून केलेले रान. बोलताना नाव झिजले, कागदावर होते तसेच राहिले. बीचम, मॅनरिंग, फॅनशॉ असे म्हणायची आणि भलतेच काही लिहायची ही आडनावेही त्याच जातीची.

मिंगिसची गोष्ट न्यारी. एक तर ते आडनाव स्कॉटिश, इंग्रज नव्हे. पूर्वी इंग्रजीत आणि स्कॉट्स भाषेत ‘योख’ नावाचे अक्षर होते, दिसायला आकड्यातल्या ३ सारखे. इंग्लंडात ते मोडीत निघाले आणि त्याच्या जागी कुठे वाय आला, कुठे जी-एच. रात्र या अर्थाच्या ‘नाइट’मधले मुके जी-एच ही त्याचीच खूण. स्कॉटलंडात मात्र त्याच्या जागी झेड बसला. मेन्झिसमध्ये दिसतो तो झेड म्हणजे खरा योख. आणि एनपुढे योख लिहून तिथले लोक जो ध्वनी दाखवत, तो चक्क आपला ञ! नॉर्मंडीतल्या मेनिएर गावावरून आलेले हे नाव स्कॉटलंडात ञ घालून उच्चारले जाई. पुढे त्या ञचा ङ झाला आणि मिङिस, म्हणजेच मिंगिस, तयार झाले. त्याच गावावरून इंग्लंडात ‘मॅनर्स’ हे आडनाव झाले, तिथे ञही नाही आणि झेडही नाही. आपल्या वर्णमालेत ङ आणि ञ दोघांना स्वतंत्र घरे आहेत, म्हणून हा प्रवास देवनागरीत जितका स्वच्छ दिसतो तितका रोमन लिपीत दिसत नाही.

‘छापखान्यात योखचा खिळा नव्हता, म्हणून जुळाऱ्याने झेड लावला’ हे स्पष्टीकरण एकमेकांचे पाहून उतरवले जाते. ते अर्धवट आहे. एडिनबर्गला चेपमन आणि मिलर यांचा, स्कॉटलंडातला पहिला, छापखाना १५०८ साली छापू लागला. त्याच्या आधीच्या स्कॉटिश हस्तलिखितांतच योख आणि शेपटीवाला झेड एका वळणाने लिहिलेले सापडतात. घोळ लेखणीने घातला, छापखान्याने तो पक्का केला. सगळे खापर जुळाऱ्यावर फोडणाऱ्यांनी जुन्या हस्ताक्षराचे एक पान तरी डोळ्यांखालून घालावे.

पुरावा आणखी हवा? ‘डीएल’ हे आडनाव झेड घालून लिहितात, तसेच वाय घालूनही. वेस्ट लोदियनचे खासदार टॅम डीएल वाय लिहीत. शेटलंड बेटांचे नाव योखने सुरू होई, त्याचे झेटलंड झाले, आणि तिथला पोस्टाचा कोड आजही झेड-ई आहे. मॅकेन्झीचे मात्र उलटे झाले. ‘कॉइन्यखचा मुलगा’ असे हे गेलिक नाव, त्यात झ कधीच नव्हता. पण लोक अक्षर पाहून बोलू लागले आणि झ जिंकला.

राहिला मराठी लेखनाचा प्रश्न. ज्या घराण्यात जसे म्हणतात तसे लिहावे. ऑस्ट्रेलियाचे एकेकाळचे पंतप्रधान रॉबर्ट यांच्याकडे झ रुळला होता, त्यांना मेन्झीज लिहा, जरी त्यांचे टोपणनाव ‘मिंग’ होते तरी. २००६-०७मध्ये ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते होते ते मिंगिस कॅम्बल. आणि ते ‘कॅम्पबेल’ तेवढे थांबवा! गेलिक ‘काम’ म्हणजे वाकडे, ‘बेल’ म्हणजे तोंड. मधला पी हा लॅटिनमधल्या ‘सुंदर मैदाना’शी ओढूनताणून नाते जोडताना घुसला आहे, त्याला मराठीत आसरा देण्याचे काहीच कारण नाही.