अमेरिकेत डिसॅबिलिटीचा (अपंगत्वामुळे काम न जमणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याचा) अर्ज नामंजूर झाला तर वकील लावावाच लागतो का? त्याची फी आधी भरावी लागते का?

नाही, वकील सक्तीचा नाही, आणि लावलात तरी फी सहसा आधी भरावी लागत नाही; पण प्रकरण न्यायाधीशांसमोरच्या सुनावणीपर्यंत पोहोचलं असेल तर कृपया एकट्याने जाऊ नका. हा भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याचा, म्हणजे सोशल सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनचा, नियमच आहे की प्रतिनिधीने (तुमची बाजू मांडणाऱ्याने) किती फी घ्यायची हे खातं मंजूर करतं. नेहमीच्या करारात ती, दावा मंजूर झाल्यावर तुम्हाला मिळणाऱ्या भत्त्याच्या मागील थकीत रकमेच्या २५ टक्के किंवा ९,२०० डॉलर, यांतली जी कमी असेल ती (ही मर्यादा ३० नोव्हेंबर २०२४ पासूनची). दावा फेटाळला गेला तर फी नाही. प्रतिनिधी वकीलच हवा असंही नाही. एसएसए-१६९६ हा फॉर्म भरून त्याची नेमणूक करायची.

चांगल्या प्रतिनिधीचं खरं काम सुनावणीआधीच सुरू होतं. नुसतं निदान पुरत नाही. तुम्ही किती वेळ बसू शकता, किती वजन उचलू शकता, महिन्यातले किती दिवस कामावर जाणं जमणार नाही, हे तो तुमच्या डॉक्टरांकडून नेमक्या शब्दांत लिहून घेतो. सुनावणीला बोलावलेल्या रोजगारतज्ज्ञाला (तुम्हाला कोणती कामं जमतील हे सांगणाऱ्या तज्ज्ञाला) उलटे प्रश्नही तोच विचारतो. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा, तो खात्याकडून मोफत मिळतो.

मात्र वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रतींचा वगैरे खर्च फीपेक्षा वेगळा असतो आणि तो दावा हरल्यावरही मागितला जाऊ शकतो, म्हणून सही करण्याआधी करारातलं ते कलम वाचा. आणि नकाराचं पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करा. वकील शोधण्यात ही मुदत घालवू नका.