हात थरथरला तर लोक काय म्हणतील?

समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मुलामुलींकडून एक तक्रार सातत्याने ऐकू येते. चार माणसांत बोलायची, खायची-प्यायची किंवा नुसते उभे राहायची वेळ आली की सगळे आपल्याकडेच बघत आहेत असे वाटते, छातीत धडधडते, घशाला कोरड पडते आणि आपण हास्यास्पद दिसलो या विचाराने पुढचे दोन दिवस डोके पोखरले जाते. यावर काही उपाय आहे का? उपाय आहे. तो कसा असतो हे समजावे म्हणून लालबागच्या चाळीत वाढलेल्या आणि अंधेरीतील एका कार्यालयात हिशेब विभागात काम करणाऱ्या २७ वर्षांच्या तरुणाचा अनुभव त्याच्या संमतीने मांडत आहे. नाव मुद्दामच दिलेले नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याची अडचण वरवर पाहता किरकोळ वाटेल. दुपारी चारच्या सुमारास विभागातील मंडळी खाली टपरीवर कटिंग प्यायला जात आणि त्यालाही बोलावत. ग्लास हातात घेतला की हात थरथरेल, चहा सांडेल आणि हा घाबरला आहे हे सगळ्यांना कळेल, या धास्तीने त्याने स्वतःची एक पद्धत बसवून घेतली होती. टपरीवाल्याला ‘जरा कमी भर’ असे सांगायचे, ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, घोळक्याच्या कडेला उभे राहायचे, सगळ्यांची नजर दुसरीकडे वळली की पटकन एक घोट घ्यायचा, आणि कोणी काही विचारलेच तर मोबाइलकडे पाहत एका शब्दात उत्तर द्यायचे. पुढे पुढे ॲसिडिटीचे कारण सांगून तो खाली जाणेच टाळू लागला. मीटिंगचा प्रश्न याहून मोठा होता. महिनाअखेरचे आकडे त्यानेच तयार केलेले असत. पण ते इंग्रजीतून मांडायचे म्हटले की आदल्या रात्री झोप लागत नसे. मराठी माध्यमात शिकल्यामुळे बोलण्यात एखादी चूक झाली तर आपली सगळी लायकी उघडी पडेल, अशी त्याची खात्री होती. बढतीसाठी त्याचे नाव पुढे आले तेव्हा त्याने स्वतःहून नकार दिला. ते घरी सांगायचे धैर्यही त्याला झाले नाही, आणि त्या ओझ्यानेच तो माझ्याकडे आला.

घरच्यांच्या लेखी हा मुळात प्रश्नच नव्हता. ‘आमचा मुलगा पहिल्यापासून लाजाळू आहे,’ असे त्याची आई कौतुकाने सांगत असे. लाजाळूपणा हा स्वभाव असू शकतो आणि त्यात वावगे काही नाही. पण भीतीपोटी माणूस स्वतःच्या पोटापाण्याची संधी नाकारू लागला, सहा महिन्यांहून अधिक काळ तीच भीती त्याच प्रसंगांत उफाळत राहिली आणि तिच्यामुळे रोजचे जगणे आक्रसले, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देणे योग्य नाही. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या त्रासाला स्वतंत्र स्थान मिळाले आणि आज त्याला सोशल अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत त्याची सुरुवात शाळा-कॉलेजच्या वयात होते, त्यामुळे मोठेपणी ‘मी असाच आहे’ असे माणूस मानून बसतो.

मित्रांचा सल्ला ठरलेला होता : अरे, कोण बघतंय तुझ्याकडे? हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी मी तो देत नाही. त्याचे कारण या तरुणानेच एका वाक्यात सांगितले. ‘‘मॅडम, आमच्या चाळीत सकाळी संडासाला जाताना हातात कुठली बादली आहे, हेसुद्धा लोक बघतात, मग ऑफिसात कोणी बघत नाही यावर मी विश्वास कसा ठेवू?’’ त्याचे म्हणणे खरे होते. सामाईक गॅलरीत वाढलेल्या मुलाला लोकांच्या नजरेची जाणीव असते, आणि तिथे शेरेही मारले जातात. त्यामुळे लोक बघतात की नाही, या वादात न पडता आम्ही दोन प्रश्न घेतले : आपल्याला वाटते तेवढे लोकांना दिसते का, आणि दिसलेच, त्यावर कोणी बोललेच, तर नेमके काय होते?

पहिल्या प्रश्नाबद्दल एक प्रयोग मी त्याला सांगितला. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात केलेला हा प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. घालायला संकोच वाटेल असे, एका गायकाचे चित्र असलेले टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले गेले. चित्र किती जणांच्या लक्षात आले असेल, असे विचारल्यावर त्यांनी साधारण निम्म्यांचा अंदाज केला. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या ते लक्षात आले होते. त्याला यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट नेमकी कळली. पाव लोकांनी पाहिले होतेच, असे तो म्हणाला. मी होकार दिला.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या भीतीची जी मांडणी केली, ती मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. भीती वाटू लागली की माणसाचे लक्ष समोरच्यांवरून उडून स्वतःकडे वळते. छातीतली धडधड, कानांची उष्णता, हाताचा कंप हे त्याला आतून तीव्रतेने जाणवते, आणि ‘मला जे जाणवते तेच लोकांना दिसते’ असे तो धरून चालतो. समोरच्याच्या चेहऱ्याकडे त्याने पाहिलेलेच नसते, त्यामुळे अंदाज तपासला जात नाही. शिवाय ग्लास कमी भरणे, कडेला उभे राहणे यांसारख्या बचावाच्या सवयी आड येतात. प्रसंग नीट पार पडला तरी त्याचे श्रेय त्या सवयींना जाते, आणि भीती होती तिथेच राहते. या तरुणाने वर्षानुवर्षे शेकडो वेळा चहा प्यायला होता, तो कधी सांडला नव्हता, तरीही त्याची भीती तसूभर कमी झाली नव्हती, यामागचे कारण हेच.

म्हणून आम्ही माझ्या दादरच्या खोलीतच सुरुवात केली. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास एका हातात धरून त्याने महिनाअखेरचे आकडे इंग्रजीतून मला सांगायचे आणि मोबाइलवर त्याचे चित्रण करायचे, असे ठरले. चित्रण पाहण्यापूर्वी त्याने स्वतःच्या थरथरीला शंभरपैकी नव्वद गुण दिले. मग ‘पडद्यावर दिसणारा माणूस अनोळखी आहे असे समजून पाहा’ असे मी सांगितले. त्याने चित्रण पुन्हा लावले, ग्लासाच्या कडेवर बोट ठेवून चहाची पातळी हलते का ते पाहिले, आणि बराच वेळ गप्प राहून ‘वीस’ असे म्हणाला. आवाज मात्र खरोखरच बारीक झाला होता; ते त्याने स्वतःच नोंदवले.

त्यानंतरचे प्रयोग बाहेरचे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती, म्हणजे त्रासामागचे अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, मांडली. मराठी वाचकांना ती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचित आहे. लोकलज्जेला मुद्दाम सामोरे जाण्याचे स्वाध्याय एलिस देत असत. त्याच धर्तीवर या तरुणाने करी रोडहून सुटलेल्या धीम्या लोकलमध्ये ‘ही गाडी दादरला थांबते का?’ असे मोठ्याने विचारायचे ठरवले. मुंबईत हा प्रश्न विचारणारा माणूस वेडाच ठरेल, अशी त्याला खात्री होती. एकाने मोबाइलमधून मान वर न करता ‘थांबते’ म्हटले, दुसऱ्याने ‘मुंबईत नवीन का?’ असे विचारले, आणि तिसऱ्याने त्याला दाराकडे जायला वाट करून दिली. त्याने यावेळी प्रथमच लोकांचे चेहरे पाहिले होते, आणि हीच त्या स्वाध्यायाची अट होती.

सगळेच प्रयोग असे सोपे गेले नाहीत. टपरीवर भरलेला ग्लास एका हातात धरून उभा असताना एका सहकाऱ्याने सर्वांसमोर म्हटले, ‘‘अरे, हात काय थरथरतोय तुझा?’’ ज्या वाक्याच्या धास्तीने त्याने इतकी वर्षे काढली होती, तेच वाक्य समोर आले. ‘‘थरथरतो कधी कधी,’’ एवढेच तो म्हणाला, आणि संभाषण परत पगारवाढीकडे वळले. त्या रात्री तो झोपला नाही, प्रसंग मनात घोळवत राहिला, दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊ नये असेही त्याला वाटले. पण तो गेला आणि चारला खालीही उतरला. माझ्या मते उपचारातला सर्वांत मोलाचा दिवस हाच, कारण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले : कोणी बोलले, वाईट वाटले, आणि तरीही चहा, नोकरी, सहकारी सगळे जागेवर राहिले.

मीटिंगमध्ये तो आता आकडे मांडतो. अडला की एखादे वाक्य हिंदीत पूर्ण करतो. आदल्या रात्रीची अस्वस्थता कमी झाली असली तरी गेलेली नाही, आणि ती जाईपर्यंत थांबायचे नाही हे त्याने ठरवले आहे. काहींना एवढ्याने पुरत नाही; भीतीबरोबर खोल उदासी असेल, दारूचा आधार घेतला जात असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटणे अगत्याचे आहे. औषधे या त्रासात उपयोगी पडतात, आणि ती घेण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

घरच्यांना एक विनंती करावीशी वाटते. मुलाच्या वतीने हॉटेलात ऑर्डर देणे, त्याचे फोन आपण घेणे, नातेवाइकांसमोर ‘तो बोलत नाही फारसा’ असे सांगणे, हे प्रेमापोटी होत असले तरी थांबवावे. वेटर समोर उभा असताना तो अडखळेल, थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्यावा आणि वाक्य त्यालाच पूर्ण करू द्यावे.